माल आणि माणूस : आन-१२ या विमानाचा इतिहास

विमानांच्या इतिहासात लढाऊ विमानाला चरित्र लाभते आणि प्रवासी विमानाला प्रतिष्ठा लाभते. मालवाहू विमानाच्या वाट्याला बहुधा नोंदवही येते. कोठून निघाले, किती टन घेतले, कोठे उतरविले, एवढ्यावर त्याची हकीकत संपते. अशा विमानाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी का वळावे, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, माणसाला ‘माल’ म्हणण्याची वेळ भाषेवर केव्हा येते आणि त्या शब्दातून माणूस पुन्हा बाहेर कसा काढावा लागतो, हे पाहावयाचे असेल तर सोव्हिएत काळातल्या एका चार पंख्यांच्या विमानाइतका बोलका पुरावा सहसा सापडणार नाही. त्या विमानाचे नाव आन-१२. आपल्याकडील हवाई दलात त्याला ‘ए.एन.-१२’ म्हणत. खरे म्हणजे हे नावच नव्हे. अभिकल्पक ओलेग कोन्स्तान्तिनोविच अंतोनोव यांच्या आडनावाची पहिली अक्षरे आणि पुढे एक क्रमांक, इतकेच ते आहे. नाव त्याला पुढे मिळाले. ते कारखान्याने दिले नाही, सैनिकांनी दिले. आणि ते विमानाच्या रूपावरून पडले नाही, त्याच्या पोटातील ओझ्यावरून पडले.

अंतोनोव यांचा जन्म १९०६ सालचा. तरुणपणी त्यांनी इंजिनाविना उडणारी ग्लायडरे रचली. १९४६ मध्ये नोवोसिबिर्स्क येथे त्यांच्या हाती स्वतंत्र अभिकल्प-संस्था आली आणि पुढच्याच वर्षी आन-२ हे दुहेरी पंखांचे, शेतावरही उतरू शकणारे साधेसुधे विमान आकाशात गेले. १९५२ मध्ये ही संस्था युक्रेनमध्ये कीव येथे हलविण्यात आली. तेथे प्रथम दोन इंजिनांचे आन-८ झाले. त्यानंतर, १९५५ च्या अखेरीस, सोव्हिएत मंत्रिमंडळाने एका मुळापासून दोन विमाने घडविण्याचा आदेश दिला : एक प्रवासी, दुसरे लष्करी मालवाहू. पंख, इंजिने आणि सांगाड्याचा बराचसा भाग दोघांना समाईक असावा, म्हणजे युद्धाच्या वेळी एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येईल, हा त्यामागचा हिशेब होता. प्रवासी भाऊ आन-१० मार्च १९५७ मध्ये उडाला. मालवाहू भाऊ आन-१२ त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी सैबेरियातील इर्कुत्स्क येथे प्रथम उडाला.

या जुळ्या भावांची पुढील कथा विचार करावयास लावणारी आहे. १८ मे १९७२ रोजी खारकोव्हजवळ एक आन-१० आकाशातच मोडले आणि त्यातील सर्व १२२ जण मृत्यू पावले. पंखाच्या मधल्या भागात, वारंवारच्या ताणाने धातूला बारीक तडे गेले होते. त्यानंतर आन-१० ची प्रवासी सेवा बंदच झाली. माल वाहणारा भाऊ मात्र उडत राहिला. माणसांसाठी घडविलेले विमान पंधरा वर्षांत संपले आणि मालासाठी घडविलेले विमान अर्धशतकाहून अधिक जगले. पुढे माणसेही त्यालाच वाहावी लागली.

आन-१२ च्या रचनेत एक तपशील असा आहे की, आमच्या मते त्याचा सगळा इतिहास त्यात बीजरूपाने आहे. सुमारे ३३ मीटर लांब आणि ३८ मीटर पंखविस्ताराचे हे विमान २० टनांपर्यंत वजन उचलू शके. त्याची चार टर्बोप्रॉप इंजिने प्रत्येकी चार हजारांहून अधिक अश्वशक्तीची होती. पंख वरच्या बाजूस बसविल्यामुळे पोट जमिनीलगत राही आणि मागची दारे आत वळवून गाड्या, तोफा, पेट्या थेट आत घेता येत. नाकावर काच होती व तिच्यामागे मार्गदर्शक बसे. शेपटीत २३ मिलिमीटरच्या दोन तोफा आणि त्यांच्यामागे तोफची असे. चालकदलाची खोली, तिला लागून असलेला एक लहानसा कप्पा आणि शेपटीतील तोफचीची जागा यांत हवेचा दाब राखण्याची सोय केलेली होती. मधल्या प्रशस्त मालकक्षात ती नव्हती. माल श्वास घेत नाही, हे गृहीत धरूनच ती पोकळी आखली गेली होती. आणि त्याच पोकळीत नव्वदच्या आसपास सैनिक बसविता येतील, असेही त्याच आराखड्यात गृहीत होते. समकालीन अमेरिकी हर्क्युलिस विमानाशी आन-१२ ची तुलना नेहमी केली जाते, कारण दोघांचा आकार आणि काम सारखेच. हर्क्युलिसच्या मालकक्षात मात्र हवेचा दाब राखला जात असे. हा फरक केवळ तंत्राचा नव्हता. कोणाला कोठे बसवावयाचे, याविषयीची एक वृत्ती त्यातून दिसते.

इर्कुत्स्क, व्होरोनेझ आणि ताश्कंद अशा तीन कारखान्यांत मिळून सुमारे १,२५० आन-१२ तयार झाली. त्यांतील सर्वांत मोठा वाटा ताश्कंदचा. मराठी वाचकाला ताश्कंद आठवते ते १९६६ च्या करारामुळे आणि तेथेच ११ जानेवारी रोजी झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे. वाचकांनी या गावाचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते आणखी एका अर्थाने परतून येणार आहे.

भारताने ही विमाने १९६१ पासून घेतली. सोव्हिएत बनावटीची लष्करी विमाने आपल्या हवाई दलात येण्याचा तो प्रारंभकाळ होता. चंदीगड हे त्यांचे प्रमुख ठाणे झाले आणि लडाख ही त्यांची कर्मभूमी. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनबरोबरच्या युद्धात फ्रेंच बनावटीचे एएमएक्स-१३ हे सहा हलके रणगाडे आन-१२ मधून चुशूलला नेण्यात आले. चुशूलची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत इंजिनांची ताकद घटते आणि विमान उतरविण्यासाठी अधिक लांब पट्टी लागते. अशा जागी रणगाडा पोटात घेऊन उतरणे हे त्या काळातले मोठे धाडस होते. यातील राजकीय विरोधाभासही नजरेआड करण्याजोगा नाही. विमान सोव्हिएत, रणगाडा फ्रेंच, सैनिक भारतीय, आणि समोरचा चीन हा कागदोपत्री अजून सोव्हिएत संघाचा मित्र. पुढे चीननेही हेच विमान घेतले आणि त्यावरून वाय-८ हे आपले विमान घडविले. ते १९७४ च्या अखेरीस प्रथम उडाले. हिमालयाच्या दोन्ही अंगांना एकाच आराखड्याची विमाने ओझी वाहू लागली.

१९७१ च्या युद्धात या मालवाहूला आणखी एक काम करावे लागले. ४४ व्या स्क्वाड्रनच्या आन-१२ विमानांनी मागच्या दारातून बाँब टाकण्याची तजवीज केली आणि डिसेंबरच्या पहिल्याच रात्रींत लाहोरजवळच्या चांगा मांगा अरण्यातील दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला चढविला. या कामगिरीबद्दल विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीरचक्र मिळाले. ११ डिसेंबरला पूर्व आघाडीवर टांगाईल येथे छत्रीधारी सैनिक उतरविले गेले, त्या ताफ्यातही डाकोटा, पॅकेट आणि कॅरिबू यांच्याबरोबर आन-१२ होती. १९९३ मध्ये भारतीय हवाई दलातून हे विमान निवृत्त झाले. नोंदवहीच्या दृष्टीने येथे भारतापुरता विषय संपतो. तो तेवढ्यावर का संपत नाही, हे सांगण्यासाठी आम्हांला १९६८ कडे मागे जावे लागेल.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतीय हवाई दलाचे बीएल-५३४ क्रमांकाचे आन-१२ चंदीगडहून लेहकडे निघाले. आत चालकदलासह १०२ जण होते आणि त्यांतील बहुतेक लडाखकडे निघालेले सैनिक होते. लेहजवळ हवामान बिघडल्यामुळे विमान मागे वळले. रोहतांग खिंडीच्या परिसरात त्याचा संपर्क तुटला आणि ते नाहीसे झाले. शोध झाला, काही हाती लागले नाही. १०२ घरांत ‘बेपत्ता’ हा शब्द पोहोचला. मृत्यूची वार्ता दुःख देते, पण निदान दुःखाला एक तारीख देते. ‘बेपत्ता’ हा शब्द तेवढेही देत नाही.

त्याच वर्षी, २१ ऑगस्टच्या पहाटे, प्रागच्या रुझिने विमानतळावर आन-१२ विमाने एकामागून एक उतरली आणि त्यांच्या पोटातून सोव्हिएत छत्रीधारी सैनिक बाहेर पडले. चेकोस्लोव्हाकियात ‘मानवी चेहऱ्याच्या समाजवादा’चा जो प्रयोग आठ महिने चालला होता, त्याची अखेर त्या पहाटे झाली. एकाच वर्षात एकाच बनावटीच्या विमानांनी एका देशातील माणसे हिमालयात हरविली आणि दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्य एका रात्रीत हिरावून घेण्यास हात लावला. यंत्राला यात दोष देणे बालिशपणाचे ठरेल. परंतु यंत्र निर्दोष आहे एवढ्यावरून त्याचा इतिहासही निर्दोष ठरत नाही.

यानंतरचा टप्पा अफगाणिस्तानचा. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस काबूल आणि बग्राम येथे सोव्हिएत सैन्य हवाईमार्गाने उतरले, तेव्हा त्या दोन-तीन दिवसांत आन-१२ च्या सुमारे २०० फेऱ्या झाल्या. तरुण सैनिक त्या विमानांतून गेले आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जण त्याच बनावटीच्या विमानांतून, जस्ताच्या बंद पेट्यांत, परत आले. नऊ वर्षांच्या त्या युद्धात सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक मरण पावले. त्यांच्या पेट्या आधी ताश्कंदला येत आणि तेथून देशभरातील गावोगावी जात. ज्या शहरात या विमानांचा सर्वांत मोठा कारखाना, त्याच शहरात त्यांचे सर्वांत जड ओझे उतरू लागले. सैनिकांनी या विमानाला नाव दिले : ‘काळे ट्युलिप’. ते नेमके कोठून आले याविषयी निरनिराळ्या हकीकती सांगितल्या जातात. ताश्कंदमधील एका अंत्यविधी-संस्थेच्या नावावरून ते पडले, ही त्यांतली एक. उगम कोणताही असो, फुलाच्या नावाआड प्रेत लपविण्याची ही लोकभाषेची रीत आपल्या परिचयाची आहे. गावाकडे सापाला नावाने न पुकारता ‘लांबडे’ म्हणतात, त्यामागेही हीच भीती आणि हाच आदर असतो.

लष्करी कागदावर या पेटीला वेगळे नाव होते : ‘माल २००’. पेटी आणि तिच्याभोवतीचे लाकडी खोके मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास भरे, हा त्याचा एक उलगडा. एका लष्करी आदेशाच्या क्रमांकावरून तो शब्द आला, हा दुसरा. जखमींना ‘माल ३००’ म्हणू लागले. येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. विमानाच्या आराखड्यात दाबाविना ठेवलेली ती पोकळी आणि बिनतारी संदेशात माणसाच्या जागी आलेला हा आकडा, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आधी माणूस मालाच्या जागेत बसविला गेला आणि मग भाषेनेही त्याला मालाचे नाव दिले. पेटी उघडू नये, अशी घरच्यांना ताकीद असे. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत थडग्यावर अफगाणिस्तानचा उल्लेखही टाळला जाई. ‘आंतरराष्ट्रीय कर्तव्य बजावताना’ हा ठरीव वाक्प्रयोग पुरे मानला जाई. ज्यांनी तरुणपणी गुळगुळीत कागदावरची सोव्हिएत मासिके वाचली, त्यांना त्या प्रसन्न चित्रांत ही पेटी कधी दिसली नाही. ती तिच्या स्वतःच्या देशातही दिसू दिली जात नव्हती.

आकड्यातून माणूस बाहेर काढण्याचे काम मग गाण्याने आणि पुस्तकाने केले. लेनिनग्राडचे गायक-कवी अलेक्सांद्र रोझेनबाउम मूळचे डॉक्टर. त्यांनी १९८० च्या दशकात अफगाणिस्तानात सैनिकांपुढे गायन केले आणि ‘काळे ट्युलिप’ या नावाचे गाणे रचले. त्याचा निवेदक आहे त्या विमानाचा वैमानिक. ही निवड आम्हांला महत्त्वाची वाटते. शोक करणारी आई किंवा सूड मागणारा सोबती हे आवाज सहज सुचले असते. परंतु जो केवळ वाहतो, ज्याने मारले नाही व जो मेलाही नाही, अशा माणसाला बोलते केल्यामुळे ‘वाहणे’ या क्रियेलाच नैतिक वजन आले. स्वेतलाना आलेक्सियेविच यांचे ‘जस्ताची मुले’ हे पुस्तक त्याच दशकाच्या अखेरचे. त्यात माता, विधवा, परिचारिका आणि परतलेले सैनिक आपापल्या शब्दांत बोलतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिन्स्कमध्ये लेखिकेवर दावे झाले. वादींमध्ये तिच्याशी बोललेल्या काही माता आणि सैनिकही होते. आपले शब्द विपर्यस्त झाले, आपल्या मुलांची विटंबना झाली, असे त्यांचे म्हणणे होते. त्या खटल्याची कागदपत्रे पुढे पुस्तकाच्याच आवृत्त्यांत समाविष्ट झाली. २०१५ मध्ये लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळाले, तरी त्या मातांचा प्रश्न मिटत नाही : दुःख सांगितले म्हणजे ते ऐकणाऱ्याचे होते काय? साक्षीवर उभ्या राहिलेल्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. पेटी घरी आणून पोहोचविणारे विमान आणि तिचे झाकण उचलणारे पुस्तक यांच्यात मातांनी कधीकधी विमानाला कमी क्रूर मानले, ही गोष्ट लेखकांनी नम्रपणे लक्षात ठेवावी.

उरल पर्वताजवळच्या येकातेरिनबर्ग शहरात १९९५ साली ‘काळे ट्युलिप’ याच नावाचे स्मारक उभे राहिले. आन-१२ च्या पोटाची आठवण करून देणाऱ्या उभ्या खांबांच्या मधोमध एक सैनिक मान खाली घालून बसला आहे, आणि खांबांवर त्या प्रांतातील मृतांची नावे आहेत. विमानाच्या त्या पोकळीत नोंदवहीने आकडे ठेवले होते. शिल्पकाराने तेथे नावे ठेवली.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, तेव्हा या विमानाचा अभिकल्प एका देशात, दोन कारखाने दुसऱ्या देशात आणि तिसरा कारखाना तिसऱ्याच देशात राहिला. जुनी आन-१२ खासगी मालवाहू कंपन्यांकडे गेली आणि जेथे नवी विमाने जाण्यास कचरतात, अशा धावपट्ट्यांवर उतरत राहिली. १६ जुलै २०२२ रोजी एका युक्रेनी कंपनीचे आन-१२ ग्रीसमधील कावालाजवळ कोसळले. त्यात सर्बियाहून बांगलादेशकडे निघालेला दारूगोळा होता. आठही कर्मचारी मृत्यू पावले. तोवर, २०२२ च्या फेब्रुवारीपासून, या विमानाला जन्म देणारे कीव आणि त्याला वापरणारे मॉस्को एकमेकांविरुद्ध पूर्ण युद्धात उतरले होते. त्या युद्धात दोन्हीकडचे सैनिक मृत सोबत्याला आजही ‘दोनशे’ म्हणतात. साम्राज्य मोडले, विमाने मोडीत निघाली. आकडा मात्र दोघांचाही समाईक राहिला.

आता रोहतांगकडे परतू. २००३ मध्ये गिर्यारोहकांच्या एका मोहिमेला लाहौलमधील चंद्रभागा-१३ या शिखराच्या अंगाला, ढाका नावाच्या हिमनदीवर, बीएल-५३४ चे अवशेष आणि एका सैनिकाचे शरीर सापडले. पस्तीस वर्षे बर्फाने ते जपून ठेवले होते. त्यानंतर लष्कराने पुन्हा पुन्हा शोधमोहिमा काढल्या. २०१९ पर्यंत पाच देह मिळाले आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चार मिळाले. त्यांतील काहींची ओळख अंगावर टिकून राहिलेल्या कागदपत्रांवरून पटली. छप्पन्न वर्षांनी ते आपल्या गावी गेले आणि लष्करी इतमामात त्यांचे अंत्यसंस्कार झाले. वाट पाहणाऱ्या आईबापांची पिढी या काळात निघून जाते. देह स्वीकारण्यास पुतणे येतात, भाचे येतात, ज्यांनी त्या माणसाला फक्त भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलेले असते.

एकाच विमानाच्या या दोन कथा आहेत. अफगाणिस्तानात पेटी घरी आली आणि तिच्याविषयी बोलण्यास मनाई झाली. हिमालयात बोलण्यास मनाई नव्हती, पण घरी आणण्यासारखे काही नव्हते. एकीकडे देह होता व शब्द नव्हता. दुसरीकडे शब्द होता व देह नव्हता. अंत्यसंस्काराला दोन्ही लागतात. एक कमी असेल तर शोक अपुरा राहतो आणि पुढच्या पिढीकडे वारशाने जातो. रोझेनबाउमचे गाणे, आलेक्सियेविच यांचे पुस्तक, येकातेरिनबर्गचे खांब आणि ढाका हिमनदीवर दर काही वर्षांनी चढणारी सैनिकांची तुकडी, ही सारी आम्हांला एकाच कामात गुंतलेली दिसतात. २०२४ पर्यंत १०२ पैकी नऊ जण परत आले होते. बाकीचे ९३ अजून त्या बर्फात आहेत, आणि त्या प्रत्येकाला नाव आहे.